होऊ घातलेले डॉ. घरत

१ जून २०२५, रविवार

ठरलं. डीबीए करायचं. डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन. ब्रोशरमध्ये लिहिलंय, हा कोर्स अनुभवी वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी आहे, मास्टर्स नसलं तरी अनुभव धरला जाईल. वाचताना वाटलं, माझ्याच केबिनच्या काचेतून आत बघत कोणीतरी हे लिहिलंय. कंटेनर यार्डात तीस वर्षं काढली. ट्रेलरच्या हॉर्नवरून ड्रायव्हर जेवलाय की उपाशी आहे ते सांगतो. आता या अनुभवाला फक्त शास्त्रीय रूप द्यायचं. शास्त्र म्हणजे तरी काय, तळटिपा.

कारण उघड आहे. स्वतःपासून काय लपवायचं? कृष्णकांत सर मार्चअखेर रिटायर होतायत. डायरेक्टर, ऑपरेशन्सची खुर्ची रिकामी होणार. त्यांच्याखाली जीएम मी. माझ्याखाली केतन. वय अडतीस, केस जेल लावून उभे केलेले. परवाच्या मीटिंगमध्ये शेठ म्हणाले, आता वरच्या जागेवर जरा शिकलेला माणूस पाहिजे. म्हणताना केतनकडे बघत होते. केतनकडे लंडनचं एमबीए आहे. माझ्याकडे पनवेलचं बी.कॉम. आणि पोस्टाने केलेला एक डिप्लोमा. पण एमबीएच्या वर काय असतं? डॉक्टरेट! विषय संपला.

दमयंतीला सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. म्हणाली, बरं. आणि ती दोन महिने वाजवून माळ्यावर टाकलेली गिटार विकायची का आता? बायको असावी तर अशी. माझी ही बायको चिरनेरची. विरोध तिच्या रक्तातच आहे, गावाने जंगल सत्याग्रहात इंग्रजांनाही सोडलं नाही, मी कोण!

८ जून, रविवार

स्टडी तयार. म्हणजे मागची छोटी खोली. टेबल, दिवा, चार रंगांचे हायलाइटर, भिंतीवर व्हाइटबोर्ड. बोर्डावर लिहिलं: रोज पहाटे उठून लेखन. शनिवार-रविवार वाचन. मोबाइल बंद.

एकच अडचण. खोलीत दमयंतीच्या माहेरून आलेले सुकटीचे डबे आहेत. हलवायला सांगितलं तर म्हणाली, सुकट तिथे अकरा वर्षं आहे, तुम्ही आजच आलात. शेवटी तडजोड झाली. डबे राहतील, पण झाकणं घट्ट.

उद्यापासून पहाट.

९ जून

उद्यापासून. आज यार्डात पहाटेच फोन सुरू झाले.

२२ जून, रविवार

गाइडशी पहिला व्हिडिओ कॉल. डॉ. निशा मॅडम, पुण्याच्या. वय असेल पस्तीस. मी यार्डात लागलो तेव्हा त्या बालवाडीत असतील. पण मी मनाने मोठा आहे, त्यांना मॅडम म्हणालो.

त्यांनी विचारलं, सर, तुमचा प्रश्न काय आहे? म्हटलं, मला काहीच प्रश्न नाही, तीस वर्षांत सगळी उत्तरं मिळाली आहेत, फक्त ती मांडायची आहेत. त्या म्हणाल्या, संशोधन प्रश्नापासून सुरू होतं. म्हटलं, तुमच्याकडे होत असेल, यार्डात गेटपासून सुरू होतं. मग मी त्यांना गेटची सिस्टिम समजावली. नंतर चोरीचा किस्सा. नंतर पुरात कंटेनर तरंगले होते तो. त्या काहीतरी म्हणत होत्या, नेटवर्क खराब असावं. शेवटी मोठ्याने म्हणाल्या, सर, एक मिनिट ऐकून घ्याल का?

आणि तिथेच वीज चमकली! विषय सापडला. ऐकून घेणं! 'ऐकणारं नेतृत्व: कंटेनर यार्डातील वरिष्ठ व्यवस्थापकांचा अभ्यास.' बाई हुशार आहेत, एका वाक्यात विषय दिला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असाव्यात.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

मॅडमना मेसेज पाठवला, गुरुर्ब्रह्मा आणि खाली कमळ. त्यांचं उत्तर: थँक यू सर, प्रॉब्लेम स्टेटमेंटचं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं, एक पान अजून आलेलं नाही. शिष्याने वंदन केलं की गुरूने आशीर्वाद द्यावा. असो. नवी पिढी.

एका पानाचा काय बाऊ करायचा. बसलं की होणार.

२४ जुलै

गटारी. आज बसणं शक्य नव्हतं. म्हणजे बसलो, पण वेगळ्या अर्थाने.

२५ जुलै

श्रावण लागला. मन शुद्ध, पोट हलकं. महिनाभर मासळी नाही, मटण नाही, ते बंद म्हणजे वेळच वेळ. महिन्यात तीन चॅप्टर उडवतो.

१७ ऑगस्ट, रविवार

लिटरेचर रिव्ह्यू. यात आपल्या आधी कोण काय म्हणालं ते वाचायचं असतं. बारा पेपर डाउनलोड केले. एक उघडला. पहिल्याच पानावर गोऱ्या प्राध्यापकाने लिहिलंय की बॉसने हाताखालच्या माणसाला बोलू द्यावं. अरे, हे मी कृष्णकांत सरांना किती वर्षं सांगतोय! ते मला बोलूच देत नाहीत.

तेव्हा दुसऱ्यांचं वाचण्यात अर्थ नाही असं ठरवून स्वतःच लिहिलं. 'नेत्याने यार्डात पायी फिरावे (घरत, १९९८).' 'चहा सर्वांसोबत प्यावा (घरत, २००६).' 'चहा सर्वांसोबत पिऊ नये, लोक डोक्यावर बसतात (घरत, २०११).' मॅडमना पाठवलं. त्यांनी विचारलं, हे घरत कोण आणि यांचे पेपर कुठे मिळतील? कळवलं की ते यार्डातच असतात, कधीही या.

दमयंतीने वाचलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे साहित्य कळत नाही. हसता हसता सोफ्यावर आडवी झाली.

२८ ऑगस्ट

गावी गणपती. आरतीनंतर कोणीतरी विचारलं, साहेब, हल्ली दिसत नाय. सांगितलं, डॉक्टरेटला ॲडमिशन झालंय. बस्स. एवढंच सांगितलं. पण चुलतभावाचा प्रितेश तिथे होता. प्रितेश म्हणजे गावचा युवा नेता, कुठलीही निवडणूक जवळ नसली तरी उमेदवार. तो एकदम माझ्या पाया पडला. म्हणाला, काका, आपल्या गावात पैला डॉक्टरेट तुमी, आमी आता गप बसू काय? बॅनर लागलाच पायजे.

म्हटलं, अरे, ॲडमिशन झालंय फक्त, पदवीला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तो म्हणाला, काका, ॲडमिशन झाला म्हंजे झालाच, तुमी काय नापास होनार हाव काय?

मुलाचं लॉजिक चुकीचं म्हणता येणार नाही. फोटो मागितला. तीन पाठवले. गॉगलवाला घे म्हणालो.

३० ऑगस्ट, शनिवार

बॅनर लागला. गावच्या नाक्यावर, रस्ता यार्डाकडे वळतो तिथेच. पाहून अंगावर काटा आला. 'गावाचे सुपुत्र, उच्चविद्याविभूषित डॉ. हरेश धर्मराज घरत साहेब यांना डॉक्टरेट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! पुढील शैक्षणिक वाटचालीस लाख लाख शुभेच्छा!' मध्ये मी, गॉगल. बाजूला प्रितेश, हात जोडून, माझ्यापेक्षा मोठा. खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की काहींना मीही ओळखत नाही. एक बहुतेक बॅनरवाल्याच्या दुकानातला असावा.

'मिळाल्याबद्दल' हे जरा घाईचं झालं, मान्य. पण काढायला सांगितलं तर गावाचं मन दुखावेल. गावाच्या भावनेपुढे सत्य काय मोठं? शिवाय गणपतीचे दिवस, दहा दिवसांत कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर वर चढेलच.

दमयंती म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. म्हटलं, नवरा तुझाच आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

फील्डवर्क! पहिली मुलाखत. यार्ड सुपरवायझर दयाराम, माझ्या हाताखाली वीस वर्षं. मॅडमनी सांगितलं होतं, मोकळे प्रश्न विचारा आणि बोलू द्या, रेकॉर्ड करा. सुट्टीच्या दिवशी त्याला घरी बोलावलं. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्चीच्या टोकावर बसला.

मस्त झाली मुलाखत. दयाराम फार मोकळा झाला. त्याच्या मनातलं मला सगळं कळलं.

५ ऑक्टोबर, रविवार

मॅडमनी रेकॉर्डिंग लिहून काढायला लावलं. अवघा तासभर बोलणं, पण उतरवायला दोन आठवडे गेले. पाठवलं. आज त्यांचा कॉल. विचारलं, सर, यात मुलाखत कोणाची आहे?

पुन्हा वाचलं. एकवीस पानं. पैकी दयारामची एकूण वाक्यं: 'हो साहेब.' 'बरोबर हाय साहेब.' 'नाय साहेब, तुमी सांगा.' 'चा झाला साहेब, आता नको.' शेवटी एकदा त्याने 'साहेब, मला वाटतं' असं म्हटलेलं आहे. त्यापुढे माझा चार पानांचा परिच्छेद. त्याला काय वाटतं ते राहूनच गेलं.

मॅडमना स्पष्टीकरण दिलं. आमच्याकडे हाताखालचा माणूस साहेबासमोर बोलत नाही, ही संस्कृती आहे, तो डेटाच आहे. त्या म्हणाल्या, हे मात्र खरंच इंटरेस्टिंग आहे, यावरच लिहा, तुमच्यासमोर लोक का बोलत नाहीत? म्हटलं, माझ्यासमोर तर सगळे बोलतात! त्या म्हणाल्या, ठीक आहे सर, मग आधी ते एक पान पाठवा.

पुन्हा ते एक पान! जूनपासून मागे लागल्या आहेत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

शेठ पूजेला यार्डात आले. पेढा देताना म्हणाले, घरत, थकलेले दिसता. हीच संधी! सांगितलं की डॉक्टरेट करतोय, शेठ. त्यांच्या भुवया वर गेल्या. केतन शेजारीच उभा होता, त्याच्या हातातला पेढा हातातच राहिला. मग मी सोडलंच. संशोधन म्हणजे तपश्चर्या, शेठ. ह्या यार्डाच्या धावपळीत चिंतनाला वेळच मिळत नाही. दिवसभर फोन, ट्रेलर, कस्टम्स, भांडणं. शांत जागा, दोन तास निवांत मिळाले तर माणूस कुठल्या कुठे जाईल.

शेठ गंभीर झाले. म्हणाले, बरोबर आहे, शिकणाऱ्या माणसाला वेळ मिळायलाच पाहिजे.

डोक्यात टिपून ठेवलेलं दिसलं. खुर्ची हलली. माझ्या बाजूला.

१४ डिसेंबर, रविवार

दोन महिने ह्या वहीत काही लिहिलं नाही, कारण डोक्यात सतत लिहीत होतो. कागदावरचं काय, ते कधीही होतं.

संकल्प नवा. आज दमयंतीची मुलाखत घ्यायची, सरावासाठी. नियम: मी फक्त ऐकणार. तोंडात लवंग धरून बसलो. प्रश्न विचारला, घरातल्या नेतृत्वाबद्दल तुझा अनुभव सांग. तिने सांगितला. फार वेळ सांगितला. लवंगेचा चोथा झाला. मध्ये एकदा फक्त म्हटलं की गिटारचा विषय संशोधनाच्या कक्षेबाहेर आहे. ती म्हणाली, बघा, बोललात.

रेकॉर्डर चालू करायचा राहिला होता, देवाची कृपा.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

आजचा दिवस सोन्याने लिहावा असा.

प्रितेशचा बॅनर अजून तिथेच आहे. दहा दिवसांत उतरेल म्हणालो होतो, पण पठ्ठ्याने नवरात्रात तोच पुसून लावला, दिवाळीत खाली आकाशकंदील चिकटवले, आता 'नववर्षाभिनंदन' ची पट्टी. शेठ मुंबईहून एरवी दुसऱ्या रस्त्याने येतात. आज तिकडे खोदकाम, म्हणून गावच्या नाक्यावरून आले. सिग्नल नाही, पण म्हशी आडव्या होत्या, त्यामुळे पूर्ण बॅनर वाचता आला म्हणे.

केबिनमध्ये बोलावलं. उभे राहून हात मिळवला. शेठ उभे राहिले! म्हणाले, घरत, झालात पण डॉक्टर? मला सांगितलं नाहीत, एवढा विनय? आता मी काय करणार? समोरचा माणूस एवढा आनंदात असताना त्याला तपशिलात ओढणं असभ्यपणाचं होतं. मी मान खाली घातली. विनयाने.

मग त्यांनी विचारलं, आता पुढे काय, शिकवणार का? म्हटलं, शेठ, शिकवणं तर रक्तातच आहे. ते म्हणाले, वाटलंच मला.

खुर्ची आली. आता फक्त बसायचं राहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

केतन हल्ली फार विचारपूस करतो. पीक टाइमला लेन कशा वळवायच्या, कोणता ट्रान्सपोर्टर शब्दाचा पक्का, युनियनशी बोलताना सुरुवात कुठून करायची. सगळं सांगतो. उद्या माझ्या हाताखाली जीएम म्हणून तोच येणार, तयार असलेला बरा. तो लिहून घेतो. चांगला ऐकतो पोरगा. प्रबंधात त्याचं उदाहरण घालीन, आदर्श कनिष्ठ म्हणून.

निशा मॅडमचा मेल आहे. उघडलेला नाही. विषयावरूनच कळलं, ते पान.

१ मार्च, रविवार

मेल उघडला. शैक्षणिक वर्षअखेरपर्यंत प्रपोजल आलं नाही, तर नाव पुढच्या बॅचला ढकलावं लागेल असं आहे. त्यांना कळवलं, मार्चमध्ये कंपनीत माझ्या बाबतीत मोठी घडामोड आहे, ती झाली की डायरेक्टरच्या उंचीवरून लिहीन, दृष्टी बदलेल. त्यांनी उत्तर दिलं: ऑल द बेस्ट, सर. आता त्या समजायला लागल्या.

नवा सफारी शिवायला टाकला. दमयंती म्हणाली, आधी कळू तर दे. बाजारात तुरी! म्हटलं, तुरी शेठच्या हातात आहेत आणि शेठनी माझ्यासाठी उभं राहून हात मिळवलाय.

१९ मार्च, पाडवा

रीच स्टॅकरला हार घातला, कंटेनर उचलणाऱ्या त्या मोठ्या मशीनला दरवर्षी पाडव्याला घालतो. नारळ मीच फोडला. नवा सफारी घातला होता. कृष्णकांत सरांना शाल दिली. मग शेठ माइकवर आले. म्हणाले, नवीन डायरेक्टर, ऑपरेशन्स: केतन.

टाळ्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात, हे एक संशोधन आज झालं.

पुढे शेठ म्हणाले, आणि आपले डॉक्टरसाहेब. आपल्या कंपनीत एवढा विद्वान माणूस आहे हा आपला मान. त्यांना ह्या धावपळीत अडकवून ठेवणं पाप होईल. मग पुन्हा टाळ्या. ह्या जास्त होत्या. दयारामने सगळ्यात जोरात वाजवल्या, मनापासून.

घरी येऊन श्रीखंड खाल्लं नाही. दमयंतीने वाटी झाकून ठेवली. ती टोमणा मारत नाही तेव्हा फार वाईट असतं.

२० मार्च, शुक्रवार

गप्प बसणार नाही. शेठच्या केबिनमध्ये सरळ गेलो. सांगितलं, शेठ, मी डॉक्टर झालेलो नाही. फक्त ॲडमिशन आहे. शिकवायला वगैरे कुठे जायचंच नाही, मला ती खुर्ची हवी होती, त्याच खुर्चीसाठी हे सगळं केलं.

शेठनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, झाला नाहीत, तर नाक्यावर बॅनर सहा महिने कसा?

म्हटलं, पुतण्याने लावला. ते म्हणाले, फोटो कोणी दिला? म्हटलं, मी. ते म्हणाले, मी उभं राहून अभिनंदन केलं तेव्हा का नाही बोललात? ह्याला उत्तर होतं. तयार होतं. पण तोंडातून आलं नाही. तीस वर्षांत प्रथमच.

मग ते हळू आवाजात बोलले, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, घरत, दिवाळीपर्यंत तुमचंच नाव होतं. कागदही झाला होता. मग तुम्ही पूजेत म्हणालात, यार्डात जीव गुदमरतो, वेळ पाहिजे. मग बॅनर बघितला. मग शिकवायचं म्हणालात. मी म्हटलं, माणसाला आपण कशाला धरून ठेवायचं? केतनला तेव्हा विचारलं, तर तो म्हणाला, सरांच्या जागेवर मी कसा बसू, ते असताना नाही. मीच समजावलं, सर आता दुसऱ्या लाइनला चालले.

बाहेर पडताना शेठ पुन्हा म्हणाले, कोणाला सांगू नका हे ॲडमिशनचं. मीही नाही सांगणार. सगळ्या स्टाफसमोर डॉक्टर म्हटलंय मी. आता होऊनच टाका.

बी.कॉम.वरच मला ती खुर्ची मिळत होती. ह्यापुढे आज लिहिता येत नाही.

२२ मार्च, रविवार

प्रितेशला फोन करून सांगितलं, बॅनर उतरव. तो म्हणाला, काका, काय बोलता, पाडव्याला नवीन केलाय, मोठ्या साइजमधी. यंदा गॉगल काढून लावलाय, तुमचे डोले दिसले पायजे.

१ एप्रिल, बुधवार

नवी केबिन. कँटीनच्या वर, पूर्वी जिथे जुन्या फायली होत्या. दारावर पाटी: डॉ. एच. डी. घरत, सल्लागार, प्रशिक्षण व संशोधन. पगार तोच. खुर्ची उत्तम, पाठ टेकते. एसी इतका थंड की शाल आणावी लागेल. टेबलावर शेठनी पाठवलेलं पेन. खिडकीतून अख्खं यार्ड दिसतं.

केतन स्वतः येऊन पाया पडला. मला वाटलं, उपरोध. पण डोळे भरले होते पोराचे. म्हणाला, सर, तुम्ही शिकवलंत म्हणून. आशीर्वाद दिला. दुसरं काय होतं द्यायला?

आता एक गोष्ट चांगली झाली. वेळ. दहा महिने जो नव्हता, तो आता भरपूर. उद्या सकाळी बसलं की ते पान संध्याकाळपर्यंत.

२ एप्रिल

फोन सायलेंटवर टाकला, लेखनासाठी. दुपारी बघितलं, एकही मिस्ड कॉल नाही. रिंगटोन मोठी करून ठेवली.

६ एप्रिल, सोमवार, सकाळी

दार लावलं. कागद समोर. वर लिहिलं: प्रॉब्लेम स्टेटमेंट. खाली रेघ मारली. पट्टीने.

खाली यार्डात गडबड ऐकू आली. एक ट्रेलर तिरका आत घातलाय, मागून दोन अडकले. दयाराम हातवारे करतोय. अरे, आधी मागचा बाहेर काढा, डावीकडे जागा आहे, एवढं साधं! उठून खिडकीपाशी गेलो. खिडकी उघडत नाही, एसीसाठी सील केली आहे. काचेवर थापा मारल्या. कोणी वर बघितलं नाही. मग केतन आला, काहीतरी बोलला, दयाराम त्याच्याशी बोलला. खूप वेळ बोलला. केतन ऐकत होता. ट्रेलर निघाला. डावीकडूनच काढला.

मला कोणी फोन केला नाही. विचारायला कोणी वर आलं नाही. एरवी अशा वेळी जेवण सुटायचं आणि मी चिडायचो.

६ एप्रिल, संध्याकाळी

कागदावर रेघेखाली काही नाही.

निशा मॅडमचा मेल होता, सर, वर्ष संपत आलं, ते पान? बोटांनी आपोआप उत्तर लिहिलं, नेहमीचंच. 'कामाच्या प्रचंड व्यापामुळे वेळ मिळू शकला नाही. मुदत वाढवून मिळावी.' पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

त्यांचं लगेच उत्तर आलं: काही हरकत नाही, सर. तुमचं काम आधी.

वाचून फार वाईट वाटलं.